हाताची घडी

१

थंड कपाटाचं दार उघडलं आणि वास अंगावर आला. आंबलेल्या दुधाचा वास मला नवा नाही, माझी सगळी नोकरी त्यातच गेली आहे. पण हा वास आंबटपणाच्या पलीकडे गेलेला होता. गोडसर, जड, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. बाटल्यांची बुचं फुगून वर आली होती आणि एकीतून पिवळट पाणी खालच्या फळीवर ओघळून वाळलं होतं.

या बाटल्या ताब्यात घेण्यासाठीच मी त्या सोमवारी सकाळी कारखान्यात गेले होते. तिथे आजारी तान्ह्या बाळांना नळीने देण्याचं दूध तयार होतं. एका रुग्णालयात ते घेतलेली बाळं जास्तच आजारी पडली, त्यातलं एक अजून धोक्याबाहेर नव्हतं. रुग्णालयाने उरलेल्या बाटल्या परत पाठवल्या. त्या जशाच्या तशा थंडीत ठेवायच्या आणि मी त्या माझ्या प्रयोगशाळेत तपासायच्या, असं ठरलं होतं. मुळात दुधात काय होतं ते त्यावरून कळलं असतं. आता कळणार नव्हतं. उबेत पडून राहिलेल्या दुधात आधी काय होतं आणि नंतर काय वाढलं, हे कोणालाही वेगळं करून सांगता येत नाही. ज्याने हे केलं त्याला ते नीट माहीत होतं.

कारण कपाट बिघडलेलं नव्हतं. मागची वायर भिंतीतून उपसून खाली टाकलेली होती. कपाटावरचा छोटा पडदा सेलवर चालत होता आणि थंडी कधी तुटली ते इमानाने दाखवत होता: शनिवार, चहाच्या सुट्टीची वेळ.

असं कपाट बंद पडलं की शिट्टी वाजते. ती वाजली नव्हती, कारण कोणीतरी ती गप्प केली होती. मी किल्ली मागवून घेतली आणि करून पाहिलं. डाव्या कडेला किल्ली फिरवून धरायची आणि त्याच वेळी उजव्या कडेचं बटण दाबून ठेवायचं. चुकून बंद होऊ नये म्हणून दोन्हींत मुद्दाम एवढं अंतर ठेवलेलं की दोन्ही हात लागतातच.

शेजारी उबेचं कपाट होतं. जंतू वाढवून पाहायचं, अंड्याच्या उबेएवढं गरम. त्याच्या दाराला नवंकोरं रबर बसवलेलं दिसलं. मी फक्त नोंद घेतली मनात.

"मॅडम!" कारखान्याचे साहेब आत आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरूनच ठेवला. तळवे ओले आणि कोमट होते. मागून एकजण सुगंधी फवारा मारत आला, त्यामुळे सडक्या दुधाला गुलाबाचा वास आला. मला उलटी दाबून धरावी लागली.

"तुम्ही काळजीच करू नका," साहेब म्हणाले. "गुन्हेगार सापडलाय. संध्याकाळपर्यंत तिला घरी पाठवतो. रुग्णालयालाही तिचं नाव कळवतो, म्हणजे विषय मिटला. पुन्हा कुठल्याही लॅबमध्ये उभी राहू शकणार नाही."

"पुरावा?"

साहेबांनी डोळे बारीक केले. "देहबोली," ते म्हणाले.

२

शनिवारी कारखान्यात कार्यशाळा होती: 'कामाच्या ठिकाणी प्रभावी देहबोली'. ती घेणारे गृहस्थ अजून मुक्कामी होते. कामगारांनी त्यांचं नाव हातवारे सर ठेवलं होतं. त्यांना ते आडनावासारखं शोभतही होतं. बोलताना त्यांची बोटं हवेत मोदकाच्या कळ्या पाडल्यासारखी चालायची. साहेबांनी त्यांना चौकशीला बसवून घेतलं होतं.

"नमुने माझ्या ताब्यात यायचे होते," मी म्हणाले. "अहवाल मी लिहिणार. मीही बसते."

लॅबमध्ये दोघीच काम करायच्या. प्रमुख बाईंना सगळे थोरली म्हणत, हाताखालच्या मुलीला धाकटी. सख्ख्या बहिणी असाव्यात तसं. शनिवारी थोरली कार्यशाळेत पहिल्या रांगेत होती. धाकटीला लॅब सांभाळायला ठेवलं होतं.

धाकटी आत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. हाताची घडी घट्ट, उजवा पंजा डाव्या बगलेत खुपसलेला.

"बघा," हातवारे माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता. "शाळेत 'हाताची घडी तोंडावर बोट' शिकवतात ना, तिथूनच माणूस बंद व्हायला लागतो. पण ही घडी वेगळी आहे. ही तटबंदी आहे."

"शनिवारी कपाट तू बंद केलंस?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"लवकर घरी का गेलीस?"

तिची नजर टेबलाच्या कडेवर.

"नजर!" हातवारे आता उघडच बोलू लागले. "मॅडम, खोटेपणाची पाच लक्षणं असतात. नाक चोळणं." त्यांनी उजव्या हाताने नाक चोळून दाखवलं. "ओठ कुरतडणं. मान चोळणं. खांद्यावरून मागे बघणं. आणि बोटं एकमेकांत पिळणं. हिने तर हातच लपवलेत. म्हणजे पाचही लक्षणं आत कोंडली आहेत!"

"म्हणजे लक्षण दिसलं तरी खोटं, आणि नाही दिसलं तरी खोटं," मी म्हणाले.

"एक्झॅक्टली!" हातवारे खूश झाले.

मी धाकटीपुढे पाण्याचा पेला सरकवला. ती थोडा वेळ पेल्याकडे बघत राहिली. मग डावा हात सोडवून तिने पेला उचलला. उजवा बगलेतून हलला नाही. पेला डुचमळला, पाणी हनुवटीवर सांडलं, तरी पुसायला तो हात आला नाही. तिच्या पांढऱ्या कोटावर बगलेपाशी एक पिवळट, तेलकट डाग होता. आणि गुलाब, वेलदोडा, सडकं दूध या सगळ्यांखालून मला आणखी एक वास आला. औषधी, स्निग्ध.

"कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते?" मी तिला विचारलं.

"थोरल्या ताईंकडे आणि माझ्याकडे."

"झालं की मग!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आणि हिला कपाटापाशी बघणारं माणूसही आहे."

३

थोरली आली ती प्रसन्न चेहऱ्याने. पाठ ताठ, तळवे उघडे, मान किंचित कललेली. कार्यशाळेतलं सगळं तिने अंगात मुरवलं होतं. बसण्याआधी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. मला खांदा झटकावासा वाटला.

"मला बोलायलाही जड जातंय, मॅडम," ती म्हणाली. "मी तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. पण त्या बाळांचा विचार केला की राहवत नाही."

"काय पाहिलंत?"

"चहाच्या सुट्टीत चष्मा घ्यायला लॅबकडे आले होते. दाराच्या काचेतून दिसली. थंड कपाटापाशी उभी. नाक चोळत होती. मग ओठ कुरतडले, नखांनी, असे." तिने करून दाखवलं. "मग मान चोळली. खांद्यावरून मागे बघितलं. आणि बोटं अशी पिळत होती."

"किती लांबून?"

"मध्ये काच नसती तर तिला हात लागला असता. स्वच्छ दिसत होतं सगळं."

"तिच्या हातांकडे तुमचं लक्ष होतं?"

"हातांकडेच तर! सर म्हणतात, तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाहीत. मी जागच्या जागी ओळखलं की हिचं काहीतरी बिनसलंय. सरांनी नुकतंच शिकवलं होतं ना, डोक्यात ताजं होतं."

हातवाऱ्यांनी छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. थोरली माझ्या डोळ्यांत डोळे घालून बसली होती, पापणीही न हलवता. माणूस असं कधी बघत नाही. मासा बघतो.

"मग तेव्हाच आत जाऊन का विचारलं नाहीत?"

"वाटलं, घरचं काही असेल," थोरली म्हणाली. "पोरीवर संशय घ्यायला मन धजावलं नाही."

मग भांडारातले मामा आले. ते सगळ्या कारखान्याचे मामा होते. पाठीला पोक, पाय ओढत चालायचे. दारातून आत येताना त्यांनी पायताण काढू का, म्हणून विचारलं.

"बाई, मी खोटं सांगणार नाही," ते म्हणाले. "पोरगी चहाच्या आसपास माझ्यासमोरूनच गेली. घाईघाईत. छातीशी काहीतरी पांढरं पुडकं धरलेलं. मी म्हटलं, काय गं, खाऊ कुठे चाललाय? तर बघितलंसुद्धा नाही. एरवी मस्करी करते हो माझी."

"पुडकं!" साहेब उठूनच उभे राहिले. "म्हणजे काहीतरी चोरून नेलंसुद्धा!"

"केवढं होतं?" मी विचारलं.

मामांनी मूठ वळून दाखवली. "मुठीपेक्षा थोडं मोठं. कापसाची पिशवी असते ना, तसलं. दुसऱ्या हाताने खालून जपून धरलेलं. अंडी नेतात तसं."

साहेबांनी तिथेच कारकुनाला हाक मारून बडतर्फीचा कागद तयार करायला सांगितलं.

"तो कागद थोडा थांबवा," मी म्हणाले. "मला त्या मुलीशी एकटीशी बोलायचंय."

हातवारे उठू लागले. "मी असलो तर तिचे सूक्ष्म हावभाव..."

"एकटीशी," मी म्हणाले.

४

आम्ही काचेची भांडी धुण्याच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात वाफेने भांडी निर्जंतुक करायचं मोठं यंत्र होतं. त्याच्याकडे पाठ करून धाकटी उभी राहिली. हाताची घडी तशीच.

"वाफेनं भाजलं ना?" मी म्हणाले.

तिचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग एकदम रडवेला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मलमाचा वास येतोय. कोटाला डागही पडलाय. दाखव."

तिने उजवा पंजा हळूच बाहेर काढला. पट्टी आता पातळ होती, पण खाली बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. तळव्याचं कातडं सुटलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे जखमेवर घट्ट दाबून ठेवल्याच्या खुणा होत्या. चौकशीभर ती तो हात बगलेत दाबून बसली होती.

"शनिवारी पट्टी एवढीच होती?"

"नाही. कापूस आणि पट्टीचा हा मोठा बोळा केला होता. बोटंसुद्धा आतच होती. प्रथमोपचाराच्या पेटीत होतं तेवढं सगळं गुंडाळलं. एका हाताने नीट बांधता येत नव्हतं."

मामांचं पुडकं मला मिळालं.

"सांगितलं का नाहीस?"

"फाटकावरचा बोर्ड पाहिलात ना? 'आमचा कारखाना अपघातमुक्त'. मागे एकाचं बोट गेलं, तर त्याला सगळ्यांसमोर स्टेजवर उभं केलं. म्हणाले, याच्यामुळे सगळ्यांचं बक्षीस गेलं, टाळ्या वाजवा याच्यासाठी." ती थांबली. "आणि लोकांनी वाजवल्या, मॅडम."

तोंडात पुन्हा तो गोडसर वास आला.

"पण आता तर नोकरीच चालली आहे तुझी. हात दाखवला असतास तर सुटली असतीस. अजून काय लपवतेस?"

तिने दाराकडे पाहिलं. खांद्यावरून मागे. हातवारे असते तर त्यांना आनंद झाला असता.

"भाजलं कधी ते सांगितलं, की काय करताना भाजलं तेही विचारतील," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ताईंनी बजावलं होतं, त्या बाटल्यांना हात लावायचा नाही. पण मला झोप लागत नव्हती. ते दूध पास झालं त्या आठवड्यात आमचं उबेचं कपाट दुरुस्तीला गेलं होतं. चाचणी होणारच कशी? तरी सही झाली. मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, बाहेरून करून घेतली, तू तुझं काम बघ."

"म्हणून शनिवारी तू काय केलंस?"

"सगळे कार्यशाळेला गेल्यावर प्रत्येक बाटलीतला थेंब थेंब जंतू वाढवायच्या बशीवर पसरला. बाटल्या परत थंडीत ठेवल्या. ताई चहाला येतील म्हणून वापरलेली भांडी घाईने वाफेत टाकली आणि झाकण लवकर उघडलं. भाजल्यावर इथे थांबवेना, घरी गेले. आज सकाळी कळलं की कपाट बंद केलंय कोणीतरी. मग ठरवलं, बशांचं नावच काढायचं नाही. ज्यानं बाटल्या नासवल्या तो त्याच टेबलाशी बसला असेल."

"बशा आहेत?"

"उबेच्या कपाटात. वर लिहिलंय, 'पिण्याचं पाणी'. पाण्याच्या बशा कधीच कोणी बघत नाही."

माझ्याकडे बघून ती पहिल्यांदाच हसली, तेही अर्धवट. मी हातमोजे चढवले आणि उबेच्या कपाटाचं दार उघडलं.

बशांवर पिवळे, चकचकीत ठिपके होते. तान्ह्यांच्या दुधात वाढणारा हा जंतू मी रंगावरूनच ओळखते. सगळ्या बशांवर एकसारखे. रुग्णालयात न उघडलेल्या बाटल्यांच्या बशांवरसुद्धा.

५

मी सगळ्यांना पुन्हा त्याच टेबलाशी बसवलं. कागद साहेबांसमोर होता, फक्त सही बाकी होती. थोरली धाकटीशेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मुलीचं अंग आक्रसलं.

"सर," मी हातवाऱ्यांना म्हणाले, "तुमची पाच लक्षणं फार आवडली. ती तुम्ही अगदी सुरुवातीलाच शिकवता का?"

"छे छे!" ते दुखावले. "सुरुवातीला हस्तांदोलन, बसणं, उभं राहणं. सकाळी लोक अर्धवट झोपेत असतात. खोटेपणा मी नेहमी चहानंतर घेतो. तो माझा हुकमी विषय आहे, मॅडम. तोवर मी त्याचा उच्चारही करत नाही. उत्सुकता टिकवावी लागते."

"शनिवारीही?"

"अर्थात. विचारा कोणालाही."

थोरलीचा हात मुलीच्या पाठीवर थांबला.

"मग चहाच्या सुट्टीत," मी तिला म्हणाले, "तुमच्या डोक्यात ते ताजं कसं होतं?"

"म्हणजे... नंतर आठवून जुळलं मला," ती म्हणाली. आवाज गोडच होता. "पाहिलं आधी, अर्थ नंतर लागला."

"ठीक. मग जे पाहिलंत तेच सांगा. ओठ कुरतडले ते नखांनी?"

"हो."

"कुठल्या हाताच्या?"

"उजव्या. सरांनी... उजव्याच."

"मान?"

"उजव्यानेच."

"बोटं एकमेकांत पिळली. सगळं स्वच्छ दिसलं. लक्ष हातांकडेच होतं. त्या उजव्या हाताला आणखी काही दिसलं?"

"आणखी काय दिसणार?"

मी धाकटीकडे पाहिलं. तिने हाताची घडी सोडली आणि उजवा पंजा टेबलावर ठेवला. कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं. मला वाटतं मामा.

"शनिवारी चहाआधी हा हात वाफेनं भाजला," मी म्हणाले. "तेव्हा त्याच्यावर मुठीपेक्षा मोठा पांढरा बोळा होता आणि बोटं त्याच्या आत होती. मामांना पोरीबद्दल काहीच समजलं नाही, पण पांढरं पुडकं दिसलं. कारण ते खरंच तिथे होते. तुम्हाला पाच लक्षणं दिसली, आणि पुडकं दिसलं नाही."

मामांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. "पोरी, मी म्हटलं खाऊ!"

"शिट्टी गप्प करायला एका हाताने किल्ली फिरवावी लागते आणि दुसऱ्याने बटण दाबावं लागतं," मी पुढे म्हणाले. "किल्ल्या दोनच. त्यातल्या एका बाईंना त्या वेळी एकच हात होता. राहिल्या दुसऱ्या. त्यांनीच सांगितलंय की त्या चहाच्या सुट्टीत लॅबकडे गेल्या होत्या."

थोरलीची पाठ अजून ताठ होती. तळवे उघडे, वर वळलेले. नजर स्थिर. खरं सांगते, तिची देहबोली शेवटपर्यंत निर्दोष होती. त्याचीच मला सर्वांत जास्त किळस आली.

"याला पुरावा म्हणतात?" तिने विचारलं. "बाटल्या तर नासल्या."

"बशा नाही नासल्या. शनिवारी सकाळीच लावल्यात. न उघडलेल्या बाटलीतही तेच वाढलंय. दूध इथूनच खराब गेलं."

तेव्हा ती वळली. माझ्याकडे नाही, धाकटीकडे. "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून!"

स्वतःच्या तोंडून काय गेलं ते तिला उशिरा कळलं. मग पाठ सुटली, खांदे पडले, आणि खुर्चीत एक साधी, घाबरलेली बाई उरली. "कपाट दुरुस्तीला होतं," ती म्हणाली. "गाड्या भरून उभ्या होत्या. रोज फोन यायचे, सही कुठाय, सही कुठाय. एरवी दूध चांगलंच निघतं हो. एका वेळेनं काय होणार होतं?"

"कोणाचे फोन?" मी विचारलं.

साहेब टेबलाची कड बघू लागले आणि त्यांचा हात नाकाकडे गेला. त्यांनी तो मध्येच ओढून घेतला. मला त्यावरून काही ठरवायचं नव्हतं. फोन कोणी केले ते फोनवरूनच समजेल, तसं मी अहवालात लिहिलं.

बडतर्फीचा कागद मी उचलला. साहेबांनी हरकत घेतली नाही. बशा मी स्वतः बंद करून पेटीत ठेवल्या आणि रुग्णालयाला जंतूचं नाव तिथूनच कळवलं. डॉक्टर म्हणाले, आता नेमकं औषध देता येईल. त्या बाळाला वेळेत पोचलं का, ते मला अजून कळायचं आहे. धाकटी पेटीसोबत माझ्या गाडीत बसली. आधी तिचा हात दाखवायला न्यायचं होतं. मामा तिच्या बाजूचं दार लावायला आले आणि काच पुसत राहिले.

"खाऊ आणा मामा पुढच्या वेळी," तीच म्हणाली.

फाटकाजवळ हातवारे धावत आले. "मॅडम, एक मात्र मान्य करावं लागेल," ते धापा टाकत म्हणाले. "तिने हात लपवला होता, हे मी पहिल्या क्षणी ओळखलं! निरीक्षण अचूक होतं माझं. फक्त अर्थ थोडा..."

आणि त्यांनी निरोपाचा हात पुढे केला. घट्ट, सरळ, तळवा उभा. अगदी शिकवतात तसा.

माझ्या बोटांना अजून त्या दुधाचा वास येत होता. साहेबांच्या तळव्यांचा ओलावाही गेला नव्हता आणि खांद्यावर थोरलीचा हात अजून असल्यासारखा वाटत होता.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि तिथेच ठेवले. यावरून काय अर्थ काढायचा तो त्यांनी काढावा.